नातीच्या मार्कांचं पाकीट

सिस्टर, सगळ्यांत आधी कोण आलं असेल सांगा बघू? आमच्या ओळखीतल्या त्या काकू. हातात बर्फीचा डबा, अंगात तो अस्वलासारखा केसाळ कोट, आणि उंबऱ्यातूनच ओरडल्या, "आजी, तोंड गोड करा! मला तर पहिल्यापासून माहीत होतं, पोरगी नाव काढणार!" पहिल्यापासून माहीत होतं म्हणे. त्यांच्या मागे काका, पायातल्या बुटांनी अंगणातला निम्मा चिखल माझ्या पुसलेल्या फरशीवर आणलेला. एप्रिल अर्धा सरला तरी इथे कडेकडेला बर्फ काळा होऊन पडलेला असतो, आणि लोक तो घरात घेऊन येतात. या काकू म्हणजे काही माझ्या काकू नव्हेत. वयानं माझ्या सुनेएवढ्याच. पण या अमेरिकेत मुलं ज्यांना जे म्हणतात तेच सगळ्या घरानं म्हणायचं, नाहीतर कुणाला काय हाक मारावी ते सुधरतच नाही. तर काकू बसल्या, चहा झाला, बर्फीचा एक तुकडा त्यांनी स्वतःच खाल्ला, आणि मी मनात म्हटलं, आता ही बाई कशाला आली ते कळायला किती वेळ लागतो बघू या. पाऊण तास लागला. ते पुढे सांगते.

बातमी अशी की माझ्या नातीला युनिव्हर्सिटीत घेतलं. तुम्ही म्हणाल, कशाला, ती तर नर्स आहे ना? आहेच की. गावातल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकली, मग राज्याची परीक्षा दिली, नावापुढे आर. एन. लागलं, आणि गेलं वर्षभर इथल्या हॉस्पिटलात पेशंट बघते आहे. पांढरे बूट घालते, मनगटाला नव्हे तर खिशाला घड्याळ लावते, तुमच्यासारखं उलटं. पण आता म्हणे तेवढ्यानं भागत नाही. पुढे वॉर्डाची प्रमुख व्हायचं तर बॅचलरची डिग्री पाहिजे. जे आधीच नर्स आहेत त्यांच्यासाठी युनिव्हर्सिटीत वेगळा वर्ग काढलाय, पहिल्या दोन वर्षांचं शिकलेलं तिकडे धरतात आणि उरलेलं पुरं करून घेतात. धरतात म्हणजे काय, धरलं तर धरतात. मला तर वीट आला ऐकून ऐकून. हा विषय धरला, तो नाही धरला, अमक्यासाठी तमका फॉर्म. तुमच्या एकटीच्या हाताखाली चाळीस खाटा होत्या. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, तेही रस्ता बरा असला तर. तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं तुमचा कुठला विषय धरला म्हणून.

याच काकू फेब्रुवारीत आमच्याकडे जेवायला आल्या होत्या. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मी पुरणपोळ्या लाटत होते, सून तव्यावर. नात कामावरून नुकतीच आलेली, युनिफॉर्ममध्येच ताटावर बसली. तिनं सांगितलं की अर्ज भरतेय. काकूंनी वरणात तूप ओतता ओतता विचारलं, "अगं, पण नर्सिंगच का? तुझे बाबा इतके मोठे इंजिनिअर. मेडिकलला का नाही गेलीस? शेवटी पेशंटची भांडीच उचलायची ना?" नात म्हणाली, "काकू, समबडी हॅज टू." आणि पोळी मोडून खाऊ लागली. माझा मुलगा हसला. बारीकसं हसला, आणि माझ्याकडे बघितलं नाही. तेवढ्यावर थांबतील तर त्या काकू कसल्या? स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून हळूच म्हणाल्या, "आजी, रागावू नका, पण त्या कम्युनिटी कॉलेजातलं युनिव्हर्सिटीवाले धरत नाहीत बरं का. आणि मी ऐकलंय हिचा एखादा विषय राहिलाय. मुलं घरी सांगत नाहीत हो. मी आपली तुम्हाला सावध करते." मी त्यांच्या हातात पोळ्यांचं ताट दिलं आणि म्हटलं, बाहेर नेऊन ठेवा, गार होतायत.

सिस्टर, ती भांडी मी अकरा वर्षं उचलली. तुम्हाला ठाऊकच आहे. सत्तावीस वर्षांची मी, नवरा जाऊन चार महिने झालेले, कडेवर पोर, आणि दीर म्हणाले तुमची सोय तुम्ही बघा. तुम्ही मला तालुक्याच्या दवाखान्यात आया म्हणून ठेवलंत. पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावला तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "पदर खाली घे. त्या बाईला काय वाटेल? तिला काही हौस आहे का?" तेव्हापासून मी नाकाला पदर लावला नाही. आणि दुपारी वॉर्ड निजला की तुम्ही मला व्हरांड्यात बसवून औषधाच्या बाटल्यांवरची अक्षरं लावायला शिकवत होता. मराठी तर शिकवलीच, अंकलिपी तुम्हीच आणून दिलीत, कव्हरावर पोपट होता, पण इंग्रजीसुद्धा. ए पासून झेडपर्यंत, मोठी अक्षरं. "चुकीची बाटली दिलीस तर पेशंट मरेल, आणि मग मी तुला मारीन," असं म्हणायचात. चौथीत शाळा सुटली होती माझी. जे काही लिहिते-वाचते ते तुमच्या त्या व्हरांड्यातलं. माझा मुलगा इथे लोकांना सांगतो, आई हॉस्पिटलात होती. होतेच की. त्यापुढे तो बोलत नाही आणि मीही बोलत नाही, आणि लोक आपापलं समजून घेतात.

तर अर्ज. त्या अर्जानं आमचं घर दोन महिने नासलं. जेवायच्या टेबलावर टाइपरायटर, फोनची वायर स्वयंपाकघरातून जिन्यापर्यंत ताणलेली, त्यात पाय अडकून मी एकदा पडता पडता वाचले. नात फोनवर कुणाशी तरी बोलते, कुणी तरी तिला दुसऱ्या कुणाकडे फिरवतं, तिथलं माणूस जेवायला गेलेलं असतं. एक म्हणते शरीरशास्त्राचा विषय धरतो, दुसरी म्हणते आधी वर्णन पाठवा. कसलं वर्णन? शरीर ते शरीर, इकडचं काय आणि तिकडचं काय. या सगळ्यात मुख्य म्हणजे मार्कांचा कागद, त्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. तो जुन्या कॉलेजनं बंद पाकिटात घालून, पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारून द्यायचा, आणि तसाच बंद युनिव्हर्सिटीला पोचायचा. पैसे भरून दोन आठवडे झाले तरी पत्ता नाही. नात रोज विचारी, "आजी, मेल आली?" मी बर्फातून टपालपेटीपर्यंत जाऊन बघून यायची. सगळे अर्ज शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यायचे होते. ते पाकीट आलं बुधवारी.

घरात मी एकटी. मुलगा, सून कामावर, नात दुपारच्या पाळीला जायच्या आधी लायब्ररीत. पाकीट हातात घेतलं. जाड पांढरं, पाठीवर निळा शिक्का अर्धा झाकणावर, अर्धा खाली. मी ते देवापुढे ठेवलं. आपल्याकडे महत्त्वाचा कागद कुठला पाठवायचा झाला तर चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावल्याशिवाय कुणी बाहेर काढतं का? लग्नाची पत्रिका असो, नव्या जागेचं खत असो. आणि कुंकू काय पाकिटाला लावायचं? कागदाला लावतात. म्हणून मी कात्रीनं पाकिटाची कड कापली, सरळ, अगदी दोऱ्यासारखी, कागद बाहेर काढला, चार कोपऱ्यांना बोटं लावली, परत आत घातला आणि वरून सेलोटेप लावली. नीटनेटकी लावली. माझ्या हाताला बघा, अजून थरथर नाही.

नात आली. टेबलावर पाकीट बघून आधी नाचली. मग उलटं केलं. मग तिथेच खुर्चीवर बसली, कोट न काढता. "आजी, यू ओपन्ड इट?" मी म्हटलं, "कुंकू लावलं गं, शुभ असतं." ती म्हणाली, "आजी, आता हे चालणार नाही. इट्स नो गुड." मी म्हटलं, "अगं पण आतलं काहीच बदललं नाही. एक अक्षर इकडचं तिकडे नाही." तिनं सेलोटेपवरून एकदा बोट फिरवलं. आणि सिस्टर, तेव्हा मला तुमचा ड्रम आठवला. कापसाच्या बोळ्यांचा तो गोल डबा, वाफवून बंद केलेला, आणि मी नुसतं झाकण उचलून आत बघितलं होतं किती बोळे उरलेत. हात नाही घातला. बाहेर एक बाळंतीण अडलेली. तुम्ही माझ्या हातातून झाकण काढून घेतलंत आणि इतकंच म्हणालात, "उघडलास ना? मग संपलं. हात घातलास की नाही ते मी विचारत नाही. परत शेगडी पेटव." तेव्हा मला तुमचा राग आला होता. घाणीचा एक कण आत गेला नसेल, आणि ही बाई सगळं परत करायला लावते! चाळीस वर्षांनी माझी नात तशीच बसलेली, चिडलेलीसुद्धा नाही, आणि मला वाटलं, दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

चिडायचं काम मुलानं केलं. "आई, बाहेरून लावता आलं नसतं कुंकू? शिक्का दिसत नव्हता का?" मी म्हटलं, "दिसत होता, पण मला काय माहीत तुमच्या राज्यात बंद पाकिटाला एवढी किंमत." तो म्हणाला, "इथे सगळ्यालाच बंद पाकिटाची किंमत आहे." मग तो सुनेवर ओरडला, सून फ्रीजवर ओरडली, दार आपटून. रात्री भांडी घासताना सून मात्र हळूच म्हणाली, "आई, तुम्ही तर कुंकवाला हात लावत नाही. संक्रांतीलासुद्धा मलाच लावायला सांगता." मी म्हटलं, "तू कामावर होतीस. कोण लावणार होतं?" तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मग ताटल्या पुसायला लागली. शहाणी आहे माझी सून, जास्त विचारत नाही.

गुरुवारी सकाळी नात मला घेऊन निघाली. मीच हट्ट धरला. तिची गाडी म्हणजे एक दार आतून उघडत नाही आणि गरम हवा फक्त पायाशी येते. माझ्या अंगावर साडी, साडीवर सुनेचा कोट, पायात मुलाचे मोजे आणि वर चपला. कॉलेजच्या खिडकीवर एक बाई बसलेली, चष्म्याला साखळी. नातीनं पाकीट दाखवलं. बाईनं कागद काढला, कोपऱ्यांकडे बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं हिला हे रक्त वाटतंय. नातीनं काहीतरी सांगितलं, त्यातलं 'ग्रँडमदर' मला कळलं. बाईनं मान हलवली आणि भिंतीवरची पाटी दाखवली. पाच दिवस. पाच कामाचे दिवस, म्हणजे शनिवार-रविवार सोडून, म्हणजे पुढचा गुरुवार. नातीनं परत सांगितलं. बाईनं परत पाटी दाखवली. तिथे सिस्टर, मला राहवलं नाही. एक तर त्या पाटीचाच राग आला होता. मी खिडकीला तोंड लावून म्हटलं, "मिस्टेक मी. नॉट गर्ल. गर्ल गुड." आणि छातीवर हात आपटला. माझं इंग्रजी एवढंच आहे, पण मोठ्यानं बोलता येतं. मागे रांगेत उभा एक मुलगा हसला. नात म्हणाली, "आजी, प्लीज." बाईनं चष्मा काढला, परत घातला आणि विचारलं, मुलगी नर्स आहे का? नातीनं हो म्हटलं. कुठल्या मजल्यावर? नातीनं सांगितलं. त्यावर ती बाई उठून आत गेली आणि आम्हाला बसा म्हणाली. का गेली, काय झालं, देव जाणे. तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

सही करणारे साहेब जेवायला गेले होते. हे साहेब सगळीकडे जेवायलाच गेलेले असतात. आम्ही बाकावर बसलो. मी पिशवीतून थालीपीठ काढलं, नात म्हणाली, "इथे नको, वास येतो." मग तीच अर्धं खाऊन गेली. मी तिला विचारलं, "तुला त्या काकूंच्या बोलण्याचं काही वाटलं का गं?" ती म्हणाली, "कुठलं?" आणि मला समजेना, खरंच विसरली की मला बरं वाटावं म्हणून. सव्वादोनला नवं पाकीट मिळालं. शिक्का ताजा, ओला. मी हात पुढे केला तर नात म्हणाली, "आजी, डोंट इव्हन लुक ॲट इट," आणि पाकीट आपल्या सीटवर ठेवून त्यावरच बसली. तिथून ॲन आर्बर या गावी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात, रस्ताभर सायकलवाली पोरं गाडीच्या आडवी येत, थंडीत सायकल कशाला चालवतात कुणास ठाऊक, आणि पावणेचारला तिनं सगळे कागद एकदाचे दिले. मी गाडीतच बसले. तिनंच बसवलं.

परवा पत्र आलं, घेतलं म्हणून. जवळजवळ सगळं धरलं. केमिस्ट्री परत करायला सांगितली, आणि इंग्रजीचा एक वर्ग. इंग्रजीचा! ही पोर झोपेत इंग्रजी बोलते, आणि हिला इंग्रजी शिकवणार. पण नात खूश, मुलगा खूश. मुलानं तर ऑफिसात केक नेला आणि संध्याकाळी फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, "माझी आई आया होती आमच्याकडे दवाखान्यात, तिच्यावरनंच हिनं घेतलं असणार." आया. स्वच्छ मराठीत. मी कपाटात टॉवेल ठेवत होते, ठेवतच राहिले.

आणि काल त्या काकू, बर्फी घेऊन. पाऊण तासानं काकांनी घसा साफ केला आणि मग काकू बोलल्या. त्यांची धाकटी लेक, मोठ्या युनिव्हर्सिटीत डॉक्टरकीच्या वाटेवर होती, तिला ते जमत नाहीये. दोन विषय गेले. घरी सहा महिने कळलंच नव्हतं. आता ती म्हणते, मी कम्युनिटी कॉलेजात जाते, नर्सिंग करते. काकूंनी माझ्या नातीचा हात धरला आणि म्हणाल्या, "तूच तिला समजव, कसं करायचं, कुठले फॉर्म, काय धरतात, काय नाही. आम्हाला काही कळत नाही गं." हे म्हणताना त्यांचे डोळे भरले. मला सुचलं होतं बोलायला. अगदी जिभेवर होतं की शेवटी भांडीच उचलायची ना, काकू? पण नात म्हणाली, "काकू, शुअर. तिला घेऊन या ना," आणि वही आणून लिहूनही द्यायला लागली. ती अशीच आहे. कुणावर गेली माहीत नाही, माझ्यावर तर नाही.

आता खरं लिहिते. वर तुम्हालाही तेच लिहिलं जे घरात सगळ्यांना सांगितलं, कुंकवासाठी फोडलं म्हणून. सिस्टर, कुंकू नंतर लावलं. त्या बाईनं स्वयंपाकघरात मला सांगितलं की पोरीचा विषय राहिलाय, आणि माझ्या पोटात ते राहिलं. दहा दिवस राहिलं. बुधवारी घरात कुणी नाही म्हटल्यावर मी कात्री घेतली आणि कागद खिडकीशी नेऊन, एकेका ओळीवर बोट ठेवून, एफ शोधला. तुम्ही बाटल्यांवर शिकवलेला एफ. वरून खाली, परत खालून वर. नव्हता. ए होते, बी होते, एक सी होता. मग मला स्वतःची इतकी लाज वाटली की हाताला काहीतरी काम असावं म्हणून कुंकवाचा करंडा उघडला, जो मी नवरा गेल्यापासून उघडला नव्हता. माझी स्वतःची नात, रोज हॉस्पिटलातून येऊन मला पेशंटच्या गोष्टी सांगणारी, आणि मी तिच्यापेक्षा त्या काकूंवर विश्वास ठेवला. काकूंना मी एवढी नावं ठेवते, पण त्या नुसत्या बोलल्या. बघितलं मी.

तुम्ही आज असता तर तुम्हाला सांगितलं असतं, तुम्ही ओरडला असता आणि झालं असतं. हे पत्राचे कागद नातीच्या जुन्या वहीतले आहेत, तसेच माझ्या गादीखाली राहतील. तिला अजून सांगितलेलं नाही. सुनेला बहुतेक कळलंय. काकू-काका लेकीला घेऊन परत यायचे आहेत, रविवारी, साडेअकराला.